धर्मस्थळातील विश्वास आणि कायद्याचे संरक्षण

मंदिर, मठ, मदरसा, चर्च, विहार या ठिकाणी माणूस विश्वासाने जातो. तेथे मूल शिक्षणासाठी ठेवले जाते, दुःखी स्त्री दिलाशासाठी जाते. पुजारी, मौलवी, पाद्री वा महाराज यांच्या शब्दाला अनेक घरांत वडीलधाऱ्यांच्या शब्दाइतका मान असतो. या मानाचा गैरफायदा घेऊन लैंगिक अत्याचार झाल्यास पीडित व्यक्तीची दुहेरी कोंडी होते. अत्याचार तर सोसावा लागतोच, शिवाय तो सांगितला तर कोणी खरे मानील याची खात्री नसते. म्हणूनच विश्वासाच्या पदावरील व्यक्तीने केलेल्या अशा अपराधास कायद्याने अधिक कठोर शिक्षा ठरविली आहे.

बालकांसाठी तरतूद

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा पॉक्सो या नावाने परिचित आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला व मुलीला त्याचे संरक्षण आहे. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवकवर्गातील व्यक्तीने तेथील बालकावर लैंगिक हल्ला केल्यास तो ‘गंभीर स्वरूपाचा’ अपराध ठरतो. बालकाच्या विश्वासातील वा त्याच्यावर अधिकार असलेल्या व्यक्तीने तो अन्यत्र कोठेही केला, तरी हेच लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गंभीर स्वरूपाच्या अंतर्भेदी लैंगिक हल्ल्यास किमान २० वर्षे सश्रम कारावास असून जन्मठेप वा मृत्युदंडही होऊ शकतो. अपराधी कोणत्या धर्माचा, हा प्रश्न येथे उद्भवत नाही.

प्रौढ स्त्रियांसाठी तरतूद

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ नुसार, विश्वासाच्या वा अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने त्या स्त्रीवर बलात्कार केल्यास किमान १० वर्षे सश्रम कारावास आहे. महाराष्ट्राने याखेरीज २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. अंगी दैवी शक्ती असल्याचे किंवा पूर्वजन्मीचे नाते असल्याचे भासवून लैंगिक संबंध ठेवणे, तसेच अपत्यप्राप्तीचे आश्वासन देऊन निपुत्रिक स्त्रीशी असे संबंध ठेवणे, हे त्याखाली अपराध आहेत. त्यास सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड आहे. हा अपराध दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

माहिती देणे बंधनकारक

बालकावरील अपराधाची माहिती असूनही ती न कळविणे हाही पॉक्सोखाली अपराध होय. त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हाताखालील व्यक्तीने केलेला अपराध संस्थाप्रमुखाने दडविल्यास त्यास एक वर्षापर्यंत कारावास व दंड होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी माहिती दडविणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही.

सबब, तक्रार कानी येताच शिक्षकाने वा ग्रामपंचायत सदस्याने स्वतः चौकशी करीत बसू नये. पोलीस ठाण्यास त्वरित कळवावे. १०९८ या क्रमांकावरही मदत मिळते. बालकाचे नाव किंवा ओळख कोठेही उघड करू नये, कारण तोही अपराध आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी आणि शक्यतो महिला उपनिरीक्षकाने गणवेशाविना घ्यावा, अशी तरतूद आहे. याची कल्पना पालकांना दिल्यास त्यांची भीती पुष्कळ कमी होते.

देवस्थानाची बदनामी होईल, गावात फूट पडेल, अशा कारणांनी प्रकरण गावकीत मिटविण्याचे प्रयत्न होतात. तसा अधिकार कोणत्याही पंचायतीस नाही. अशा वेळी ते मूल कोणाकडे पाहते, तर आपल्या गुरुजींकडे आणि गावच्या कारभाऱ्यांकडे. त्यांनी वेळीच उचललेले पाऊल त्या मुलास न्यायाची वाट मोकळी करून देते.