विहिरीच्या तळाशी उष्म्यापासून संरक्षण

नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले धडगाव सातपुड्याच्या डोंगररांगांत वसले आहे. येथे खोल खाणी नाहीत. परंतु विखुरलेल्या पाड्यांना पाणी मिळावे म्हणून काळ्या पाषाणात विहिरी खोदल्या जातात. भूजलाची पातळी उन्हाळ्यात सर्वांत खाली जात असल्याने हे काम बहुधा ऐन उन्हातच करावे लागते. म्हणूनच भूमिगत खाणकामगारांच्या संरक्षणासाठी विकसित झालेले शास्त्र विहीर खोदणाऱ्या मजुरांनाही उपयुक्त आहे.

उष्मा का वाढतो?

जमिनीत खोल जावे तसे खडकाचे तापमान किलोमीटरमागे साधारणतः २५ ते ३० अंश सेल्सिअसने वाढते. २००१ साली बंद झालेल्या कोलारच्या सुवर्णखाणी तीन किलोमीटरहून खोल होत्या; तेथील खडक इतका तप्त असे की, थंड केलेली हवा खाली सोडावी लागे. विहिरीत उष्म्याची कारणे निराळी आहेत. मे महिन्यात मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर येऊन तळ तापतो, वारा आत पोहोचत नाही आणि झिरपणाऱ्या पाण्यामुळे हवा दमट होते. अशा कोंदट हवेत घाम वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर थंड होत नाही.

खाणीतील मापदंड

यामुळे केवळ साध्या तापमापकावर विसंबून चालत नाही. तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावर वारा घातल्यास जे तापमान दिसते, त्यास आर्द्र तापमान म्हणतात. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांनी कामाच्या जागी आर्द्र तापमान ३३.५ अंशांहून अधिक असू नये, आणि ते ३०.५ अंशांपुढे गेल्यास सेकंदाला किमान एक मीटर वेगाने हवा खेळती ठेवावी, असा दंडक घातला. हे विनियम विहिरीसाठी नसले तरी त्यांतील मापदंड मार्गदर्शक आहे. गावातील विज्ञान शिक्षक ही मोजणी सहज करू शकतात.

करावयाची उपाययोजना

तळातील काम पहाटे सुरू करून उन्हे चढण्यापूर्वी थांबवावे. विहिरीवर सावली करावी, मात्र हवा अडू देऊ नये. शक्य तेथे पंख्याने नळीवाटे ताजी हवा खाली सोडावी. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी द्यावे आणि पाळ्या बदलाव्यात. नव्या मजुराचे काम आठवडाभरात हळूहळू वाढवावे. शरीराला उष्म्याची सवय होण्यास तेवढा अवधी लागतो. पाणी उपसण्याचे डिझेल इंजिन विहिरीत कदापि उतरवू नये. त्याने उष्णता वाढतेच, शिवाय त्याचा विषारी धूर प्राणघातक ठरतो.

मजूर कोसळल्यास

असंबद्ध बोलणे, तोल जाणे, शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे होत. रुग्णास वर काढून सावलीत ठेवावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीस पाणी पाजू नये. तथापि मजूर तळाशी कोसळला असेल, तर कारण विषारी वायूही असू शकते. घाईने दुसऱ्याने खाली उतरल्यास एकाऐवजी दोघांचे प्राण जातात. यासाठी तळातील प्रत्येक मजुराच्या कमरेला आरंभापासूनच दोर बांधलेला असावा व वर सतत एक माणूस लक्ष ठेवून असावा.

या उपायांना फारसा खर्च नाही. कामास मंजुरी देतानाच ग्रामपंचायतीने सावली, पाणी, दोर आणि कामाची वेळ निश्चित केल्यास पाड्याला पाणी मिळेल आणि ते आणणारा मजूरही सुखरूप घरी परतेल.