एचडी घ्यायचं का? आधी झोपाळ्यापासून अंतर मोजा

घरातलं तंत्र : भाग ९

गणपतीला मुंबईहून येणारा मुलगा सोबत ४३ इंची टीव्ही घेऊन येतो, गडबडीतच तो भिंतीवर चढवून देतो आणि गौरी-गणपती बोळवून कामावर परत जातो. घरात मागे राहतो जुनाच सेटटॉप बॉक्स, जुनीच पिवळी-लाल-पांढरी वायर आणि आईवडिलांची तक्रार : एवढा महागाचा टीव्ही, पण चित्र जुन्या टीव्हीपेक्षा वाईट! नागाव-चौलपासून दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत ही तक्रार ऐकू येते. मुलं ती हसण्यावारी नेतात, वयाचा दोष मानतात. खरं तर आईवडिलांचं म्हणणं बरोबर आहे. चित्र खरोखरच वाईट दिसतं, त्याचं कारण मोजून सांगता येतं आणि एचडीवर पैसे घालायचे की नाही याचं उत्तरही त्याच कारणात आहे.

आज ज्याला आपण साधं किंवा एसडी चित्र म्हणतो, त्याचं माप दूरदर्शनच्या काळापासूनचं आहे. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या वेळी चित्राला रंग आला. आपल्याकडची पद्धत ६२५ रेषांची, त्यांतल्या ५७६ रेषा प्रत्यक्ष चित्राच्या. अँटेना गेला, केबल आली, छत्र्या आल्या, सगळं डिजिटल झालं, तरी साध्या वाहिनीच्या चित्रात रेषा आजही ५७६च आहेत. ठिपक्यांत सांगायचं तर ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांहून थोडे जास्त. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांहून जास्त. फरक पाचपटीचा आहे.

पण पाचपट ठिपके आले म्हणजे डोळ्याला पाचपट दिसतं असं नाही. नजर चांगली असलेल्या माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक असेल ते एकमेकांत मिसळून जातं. त्या हिशेबाने जुन्या २१ इंची टीव्हीवरची एक रेष अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड होती आणि साधारण सव्वासहा फुटांपलीकडे बसलं की ती वेगळी दिसत नसे. तेव्हा आपण बसत होतो आठ-दहा फुटांवर. म्हणून ते चित्र डोळ्यांना सुखाचं वाटायचं. एसडीची पद्धत वाईट नव्हती, त्या आकाराच्या पडद्याला ती अगदी योग्य होती.

आता त्याच ५७६ रेषा ४३ इंची पडद्यावर ताणल्या की एकेक रेष जवळजवळ एक मिलिमीटरची होते. ती दिसेनाशी व्हायला साडेदहा फूट मागे बसावं लागतं. ३२ इंचीला आठ फूट पुरतात, ५५ इंचीला साडेतेरा लागतात. त्यातही हे गणित शुद्ध चित्राचं आहे. आपल्यापर्यंत येणारं चित्र दाबून, आवळून पाठवलेलं असतं. एकाच उपग्रहावर शेकडो वाहिन्या बसवायच्या म्हटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला जागा थोडी येते. चित्रात काही हललं की चौकोनी तुकडे पडतात ते त्यामुळे. हे तुकडे रेषेपेक्षा बरेच मोठे असल्यामुळे वरच्या अंतरांत दोन-तीन फुटांची भर घालावी.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरात टेप धरा. आपल्याकडच्या जुन्या घरांत टीव्ही ओटीवर किंवा माजघरात असतो आणि बघणारे झोपाळ्यावर, पलीकडच्या बाकावर, दाराशी बसतात. अंतर सहज बारा फूट भरतं. तिथे ३२ इंची टीव्ही असेल तर एसडी आणि एचडीतला फरक घरातल्या बहुतेकांना जाणवणार नाही. उलट अलिबागला वनरूम-किचनमध्ये सोफा टीव्हीपासून सात फुटांवर येतो आणि भिंतीवर हौसेने ४३ इंची लावलेला असतो. तिथे एसडी डोळ्यांना टोचतं. म्हणजे ऐसपैस घराला एचडीची गरज कमी आणि लहान फ्लॅटला जास्त. मोठं घर तर सोयही मोठी हवी असं आपण धरून चालतो, ते इथे लागू होत नाही.

अंतरानंतरचा प्रश्न काय बघता हा. बातम्यांसाठी एचडी घेऊ नका. मराठी वृत्तवाहिन्या डीटीएचवर मुख्यतः साध्याच आहेत, आणि माणूस बसून बोलतो, खाली मोठ्या अक्षरांची पट्टी फिरते, तिथे ५७६ रेषा पुरतात. मालिका बघणाऱ्यांना मात्र पर्याय आहे. स्टार प्रवाह आणि झी मराठीच्या एचडी वाहिन्या २०१६ साली आल्या. साडीची किनार, चेहऱ्यावरचे भाव, घरातलं सामान यांत फरक दिसतो, तरी गोष्ट कळायला एचडी लागत नाही.

खेळाची गोष्ट निराळी. रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डी गावागावांत खेळली जाते, आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून ती घराघरांत बघितलीही जाते. चढाईपटू बोनस रेषा ओलांडताना मागचा पाय उचलतो, पुढच्या पायाचं बोट कोपऱ्यातल्या बचावपटूच्या घोट्याला लागतं की लागत नाही, पंच हात वर करतात. त्याच क्षणी सात माणसं एकदम हललेली असतात. दाबून पाठवलेल्या साध्या चित्राची सर्वांत मोठी पंचाईत होते ती इथे. बोट, रेष आणि मॅटचा रंग एकाच पुसट तुकड्यात मिसळून जातात आणि ज्याने आयुष्यभर मातीत कबड्डी खेळली तो माणूससुद्धा गुण कुणाचा हे स्वतःच्या डोळ्यांनी ठरवू शकत नाही. एचडीत ते बोट दिसतं. घरात कबड्डी किंवा क्रिकेट मनापासून बघणारं कुणी असेल आणि पडदा ४० इंचांच्या वर असेल, तर एचडीचे पैसे वसूल होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या कार्यक्रमांबद्दल एक गैरसमज आहे. एचडी वाहिनीवर लागलं म्हणून सगळं एचडी होत नाही. जुना मराठी चित्रपट ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेला असतो. मूळ फिल्म चांगली राहिली असेल तर तिच्यातून नव्याने एचडी प्रत काढता येते. दूरदर्शनच्या ऐंशीच्या दशकातल्या ज्या मालिका व्हिडिओ टेपवर चित्रित झाल्या, त्यांत मुळातच ५७६ रेषा आहेत. त्यात नसलेला बारकावा कुठलाही टीव्ही आणू शकत नाही.

आता भिंतीवरच्या त्या ४३ इंचीकडे परत येऊ. एचडी दिसायला चार गोष्टी जुळाव्या लागतात : वाहिनी एचडी, बॉक्स एचडी, वायर एचडीएमआय आणि टीव्ही एचडी. चारांपैकी एक साधी असली की चित्र साधंच दिसतं. टीव्हीच्या मागे हात घालून बघा. पिवळ्या पिनेची वायर असेल तर तिच्यातून एचडी चित्र जातच नाही, मग बॉक्स एचडीचा असो नाहीतर आणखी कसला. चपटी, रुंद तोंडाची एचडीएमआय वायर लावा आणि बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचं माप ७२० किंवा १०८० केलेलं आहे का तपासा. मग रिमोटवर वाहिनीचा नंबर बघा. एकाच वाहिनीचे साधा आणि एचडी असे दोन वेगळे नंबर असतात. महिन्याला एचडीचे पैसे भरायचे आणि सवयीने जुनाच नंबर दाबायचा, असं पुष्कळ घरांत चालू असतं. माणसं आडवी, जाडसर दिसत असतील तर ४:३ चं चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलेलं आहे. रिमोटवरच्या चित्राच्या आकाराच्या बटणाने ते फुकटात नीट होतं.

पैशाचं थोडक्यात. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नव्या दररचनेत वाहिन्या निवडून घेता येऊ लागल्या. त्या रचनेत एक एचडी वाहिनी दोन साध्या वाहिन्यांएवढी मोजली गेली. जोडणीच्या मासिक शुल्कावर तेव्हा १३० रुपये अधिक कर अशी मर्यादा होती, ती २०२४ साली काढण्यात आली. म्हणून आता कंपनीनुसार दर विचारूनच घ्यावे लागतात. नियमाप्रमाणे एकाच पॅकमध्ये एका वाहिनीचं साधं आणि एचडी अशी दोन्ही रूपं घालता येत नाहीत. पण पॅक एचडीचा आणि सुटी घेतलेली वाहिनी साधी, असं झालं की आपण दुप्पट भरतो. बिल एकदा बारकाईने वाचा. सगळा पॅक एचडीचा घेण्याचीही गरज नाही. चार-पाच वाहिन्या एचडीत आणि बाकीच्या साध्या ठेवल्या तरी चालतं. ज्यांच्याकडे दूरदर्शनची फ्री डिश आहे, त्यांना महिन्याचा खर्च काहीच नाही. तिच्यावर सह्याद्री आहे, खासगी वाहिन्यांची यादी लिलावाप्रमाणे बदलत राहते आणि बहुतेक सगळं चित्र साधं आहे. दहा-बारा फुटांवरून ३२ इंची बघणाऱ्या वृद्ध जोडप्याला ती सोडून दुसरं काही घ्यायला मी सांगणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर चित्राची खरी लढाई छपरावर असते. छत्रीकडे येणाऱ्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. पावसाचे टपोरे थेंब त्या लहरी शोषतात आणि विखुरतात. पूर्वी सिग्नल कमी झाला की पडद्यावर मुंग्या यायच्या, पण माणूस दिसायचा, आवाज ऐकू यायचा. डिजिटलमध्ये मधली पायरी नाही. चित्र काही वेळ तुटक होतं आणि मग पडदा काळा. एचडी घेतल्याने यात काडीचीही सुधारणा होत नाही. ज्या लहरींवर एचडी वाहिन्या जास्त दाटीने बसवलेल्या असतात, तिथे तर मुसळधार पावसात त्याच आधी जातात. आणि हे नेमकं कधी? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि कोळीवाड्यांतली माणसं घरी असतात तेव्हा.

पावसाला इलाज नाही, पण छत्री जराशी तिरकी असेल, पिन गंजलेली असेल, तर जो पाऊस सहज सोसला गेला असता त्यातही चित्र जातं. खाऱ्या हवेत एलएनबीच्या, म्हणजे छत्रीसमोरच्या लहान डबीच्या, तोंडाशी असलेल्या पिनेवर हिरवट-पांढरा थर चढतो. मे महिन्यात ती पिन बदलून घ्या, वर पाणी न शिरणारी टेप गुंडाळा, वायरला खाली एक वळसा ठेवा म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत पिनेत शिरणार नाही. गंजलेले नट-बोल्टही बदला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरुडकडच्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. वाऱ्यात सुटलेली छत्री शेजाऱ्याच्या कौलांवर आणि माणसांवर जाऊन पडू शकते, एवढं तरी त्या वादळाने शिकवलं आहे.

नारळी-पोफळीच्या वाडीतल्या घरांसाठी आणखी एक हिशेब. फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. इथून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५८ अंश वर येतो. छत्रीपेक्षा ३० फूट उंच गेलेला माड त्या दिशेला १९ फुटांच्या आत असेल, तर झावळ्या आड येतात आणि ओल्या झावळ्या जास्तच अडवतात. इतर कंपन्यांचे उपग्रह वेगळ्या जागी आहेत, तरी हिशेबाची रीत हीच. सहा-सात वर्षांपूर्वी छत्री लावली तेव्हा माड लहान होता, आता तो वाढला आहे. बॉक्स बिघडला असं वाटून नवा घेण्याआधी वर बघा. माड तोडू नका, छत्री सरकवा.

गावात फायबर पोहोचलं असेल तर पावसाचा प्रश्न बऱ्यापैकी सुटतो. फुल एचडीसाठी पाच एमबीपीएसचा स्थिर वेग पुरतो, आणि तासाला साधारण तीन जीबी डेटा जातो. म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोज मालिका बघणं परवडत नाही. वादळात खांब पडले तर फायबरही तुटतं, तेव्हा फ्री डिशची छत्री काढून टाकू नका.

काशीद, किहीम, आक्षीकडे खोल्या भाड्याने देणाऱ्यांना एवढंच सांगेन की प्रत्येक खोलीत एचडी बॉक्स बसवण्याआधी कंपनीला व्यावसायिक जोडणीचे नियम विचारा. घरगुती जोडणी खोल्यांत वाटू नका. पाहुण्याला बहुतेक वेळा वाहिन्यांपेक्षा चांगलं वायफाय हवं असतं.

नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे मोठ्याचा मोह वाढेल. दुकानात पेन ड्राइव्हवरची समुद्राखालच्या माशांची चित्रफीत दाखवतात, तिच्यावर निर्णय घेऊ नका. सेटटॉप बॉक्स जोडून एक साधी बातम्यांची वाहिनी लावायला सांगा आणि घरी मोजलेल्या अंतरावर मागे जाऊन उभे राहा. 'फोर के'साठी जास्त पैसे मोजण्याआधी हे नक्की करा, कारण डीटीएचवर त्या दर्जाचं जवळजवळ काहीच येत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा : मेमध्ये छपरावरचं काम, मग टीव्हीमागची वायर, मग अंतर. ३२ इंची आणि दहा फुटांपलीकडे बसणारे असाल तर एसडी ठेवा, वाचलेल्या पैशांत छत्रीचे बोल्ट बदला. ४० इंचांच्या वर आणि आठ फुटांच्या आत असाल, घरात खेळ बघणारं कुणी असेल, तर एचडी बॉक्स घ्या आणि हव्या तेवढ्याच वाहिन्या एचडीत निवडा. आणि मुंबईहून टीव्ही आणणाऱ्या मुलामुलींनो, पुढच्या गणपतीला एक एचडीएमआय वायर सोबत आणा आणि निघण्याआधी एचडी वाहिन्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून रिमोटजवळ ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : खाऱ्या हवेतला फ्रिज आणि त्याचा गंज)