बिनपंखी भुंगेरा आणि माणसाची जात

रविवारी विहारात वंदना झाली की आम्ही वस्तीतील मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. एकदा नववीतील एका मुलीने विज्ञानाचे पुस्तक माझ्यापुढे धरले. म्हणाली, "काका, यात प्राण्यांच्या 'जाती' दिल्यात. वर्गातला एक मुलगा म्हणाला, प्राण्यांत जाती आहेत तशा माणसांतही निसर्गानेच केल्यात. खरं आहे का?"

प्रश्न लहान होता, पण त्यामागचा घाव जुना होता. मी तिला एका भुंगेऱ्याची हकीकत सांगितली. तीच येथे देत आहे.

इटलीच्या उत्तरेस आल्प्स पर्वतात सेस्सेरा नदीचे खोरे आहे. तेथे हिरवट-तांबूस चमकीचा, जमिनीवर धावणारा एक देखणा भुंगेरा राहतो. गोगलगायी हे त्याचे भक्ष्य. १८५५ साली एउजेनिओ सेल्ला यांनी त्याची शास्त्राला ओळख करून दिली. आपल्या घराण्यातील ओलिंपिया या मुलीच्या नावावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले – कॅराबस ऑलिंपिए.

नवा जीव सापडला, असे नुसते म्हणून भागत नाही. त्याचे रीतसर वर्णन छापावे लागते. लांबी किती, पाठीवरच्या कठीण झाकणावर रेघा कशा, मिशा व पाय कसे, नराच्या जननेंद्रियाचा आकार कोणता, हे सारे जवळच्या भुंगेऱ्यांशी ताडून पाहतात. आज पेशीतील जनुकेही तपासतात. आधाराचा नमुना संग्रहालयात जपून ठेवतात, म्हणजे कोणालाही खातरजमा करता येते. थोडक्यात, येथे पुराव्याशिवाय जात ठरत नाही!

या भुंगेऱ्याला उडता येत नाही. पाठीच्या झाकणाखालचे पंख खुरटलेले आहेत. ही काही दैवाची शिक्षा नव्हे. वोलास्टन या संशोधकाला मदिरा बेटावरील ५५० प्रकारच्या भुंगेऱ्यांपैकी २०० उडू न शकणारे आढळले. चार्ल्स डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात त्याचे कारण दिले. उडणारे वाऱ्याने समुद्रात फेकले जातात, जमिनीला धरून राहणारे वाचतात. पुढे १९४३ साली डार्लिंग्टन यांनी पर्वतांवरील भुंगेऱ्यांचा अभ्यास मांडला. लहानशा, स्थिर जागेत अन्न-निवारा जवळच असेल तर उडण्याची गरज उरत नाही, आणि पंख पोसायला शक्ती मात्र लागते. आपल्या हिमालयातील उंचावरच्या कीटकांतही पंख आखूड होत गेल्याचे एम. एस. मणी यांनी दाखवले आहे. कारण बदलले की परिणाम बदलतो. बुद्धाने हेच शिकवले.

पंख नसले की डोंगर ओलांडता येत नाही. या खोऱ्यातले किडे याच खोऱ्यात, त्या खोऱ्यातले त्याच. हजारो वर्षे असे गेले की शरीरात फरक पडत जातो आणि शेवटी दोघांची संततीही एकत्र होत नाही. निसर्गातील जात अशी बनते.

आता माणसाकडे पाहा. कोणत्याही जातीचा मुलगा आणि कोणत्याही जातीची मुलगी लग्न करोत, संसार होतो, लेकरे होतात, त्या लेकरांनाही लेकरे होतात. कोणत्याही दोन माणसांची जनुके सुमारे ९९.९ टक्के सारखी असतात. मग आपल्यामध्ये डोंगर कोणता? १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी तो दाखवून दिला. जातीबाहेर लग्न न करण्याची प्रथा हाच तो डोंगर. तो निसर्गाने उभारलेला नाही, माणसाने उभारला आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद झाला – ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? ते तथागतांकडे गेले. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात ही कथा आहे. तथागतांनी गवत, झाडे, किडे, पतंग, मुंग्या, मासे, पक्षी यांची उदाहरणे दिली. यांच्यात जन्मानेच वेगळ्या खुणा असतात, माणसाच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी वेगळी खूण नसते. माणूस ओळखला जातो तो त्याच्या कर्माने, असे त्यांनी सांगितले. भिंग हाती घेणारा शास्त्रज्ञ आज वेगळे काय सांगतो?

त्या भुंगेऱ्याचे पुढे हाल झाले. हौशी संग्राहकांनी तो इतका वेचून नेला की तो नामशेष होतो की काय अशी भीती निर्माण झाली. पंख नाहीत, पळणार कुठे? पण शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद होती. म्हणून १९९२ च्या युरोपीय कायद्यात त्याचे नाव घालता आले आणि त्याला संरक्षण मिळाले.

भुंगेरा आपले खोरे सोडू शकत नाही. माणूस सोडू शकतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंनी ते सोडून दाखवले.

ती मुलगी सगळे ऐकून म्हणाली, "मग मी त्याला सांगते, खूण दाखव." माता-पित्यांनो, आपल्या मुलांनी असा प्रश्न घरी आणला तर त्यांना गप्प बसवू नका. पुस्तक उघडा आणि त्यांच्यासोबत बसा.