४० सांगितले, ५ मिळाले?

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बू शाळेत भेटायला आले. मुलगी आता बारावी सायन्सला आहे. तिच्या अभ्यासासाठी त्यांनी शिलाईच्या कमाईतून घरी इंटरनेटची लाईन घेतली. वेग सांगितला होता ४० एमबीपीएस. पण मुलगी लेक्चरचा व्हिडिओ उतरवून घेत असताना पडद्यावर आकडा दिसला ४.६. मग काय, कनेक्शन जोडून देणाऱ्या पोराला त्यांनी गल्लीत सगळ्यांसमोर वाट्टेल ते सुनावले.

"सर, ४० चे पैसे घ्यायचे आणि ५ सुद्धा द्यायचे नाहीत. ही फसवणूक नाही तर काय?"

मी त्यांना बसवले, पाणी दिले आणि पाटीवर हिशेब मांडला. तोच इथे मांडतो, कारण ही चूक पुष्कळ घरांत होते.

अंडी आणि डझन

दुकानदार म्हणाला, ९६ अंडी देतो. घरी अम्मीने मोजून सांगितले, ८ डझन आली. कोणी कोणाला फसवले का? नाही. एकाने नग मोजले, दुसऱ्याने डझन.

इंटरनेटचे तसेच आहे. माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. ८ बिट मिळून एक बाईट होतो. इंटरनेट देणारे वेग बिटमध्ये सांगतात. मोबाईल किंवा संगणक मात्र फाईलचा आकार बाईटमध्ये दाखवतो आणि ती उतरवताना वेगही बहुधा बाईटमध्येच दाखवतो. म्हणून ४० ला ८ ने भागायचे, उत्तर ५. सेकंदाला ५ मेगाबाईट, हाच त्या लाईनचा पूर्ण वेग. यांना ४.६ मिळत होता. ४.६ गुणिले ८ म्हणजे ३६.८. थोडा वेग माहितीच्या प्रत्येक पाकिटावर पत्ता लिहिण्यातच खर्च होतो, थोडा वायफाय आणि भिंतींमध्ये जातो. म्हणजे लाईन ठीक चालली होती.

गोंधळ कुठे होतो?

इंग्रजीत बिटसाठी लहान अक्षरातला 'बी' लिहितात आणि बाईटसाठी मोठ्या अक्षरातला. आपल्या मराठीत लहान-मोठी अक्षरे नाहीत, उर्दूतही नाहीत. आपण दोन्हीला 'एमबी'च म्हणतो. डोळ्यांना जो फरक दिसायला हवा, तो कानांना ऐकूच येत नाही. त्यामुळे जाहिरात वाचताना त्या एका अक्षराकडे नीट पाहावे. आकड्यापुढे 'पीएस', म्हणजे 'दर सेकंदाला', असे असेल आणि 'बी' लहान असेल, तर तो बिटचा वेग समजावा.

घरचे गणित

नियम दोनच. वेग बिटमध्ये असेल तर ८ ने भागा, बाईटमध्ये असेल आणि बिट हवे असतील तर ८ ने गुणा.

१६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २ मेगाबाईट.
४० एमबीपीएस म्हणजे ५ मेगाबाईट.
१०० एमबीपीएस म्हणजे साडेबारा मेगाबाईट.

आता २ जीबीचे लेक्चर घ्या. २ जीबी म्हणजे २००० मेगाबाईट. सेकंदाला ५ या वेगाने ४०० सेकंद, म्हणजे ६ मिनिटे ४० सेकंद लागतील. काही ठिकाणी १००० ऐवजी १०२४ ने मोजतात. त्यामुळे उत्तर किंचित बदलते, पण घरच्या अंदाजाला १००० पुरे.

सरकारी व्याख्याही याच गणिताने समजते. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने ब्रॉडबँडचा किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला. हे २ म्हणजे २ मेगाबाईट नव्हेत, सेकंदाला फक्त २५० किलोबाईट.

शेवटच्या तारखेची रात्र

या गणिताची खरी गरज फॉर्म भरताना पडते. अनेक मोबाईल योजनांत रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. ८ ने भागा, सेकंदाला ८ किलोबाईट. मोबाईलने काढलेला गुणपत्रिकेचा फोटो सहज ३ एमबीचा असतो. तो चढायला ३७५ सेकंद, म्हणजे सव्वासहा मिनिटे लागतील. तोवर पान बंद पडते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख असताना रात्री अकरा वाजता रडवेल्या आवाजात फोन करणारी मुले मी दरवर्षी पाहतो.

तोच फोटो लहान करून १०० किलोबाईटचा केला, तर साडेबारा सेकंदांत जातो. म्हणून फॉर्म सकाळी, रोजचा डेटा ताजा असताना भरा आणि कागदपत्रे आधीच लहान करून ठेवा. आणखी एक गोष्ट, माहिती उतरवण्याचा आणि चढवण्याचा वेग वेगवेगळा असू शकतो. लाईन घेताना दोन्ही आकडे विचारून घ्या.

तक्रार करण्यापूर्वी

वेग खरोखरच कमी वाटला तर राउटरजवळ बसा, घरातले बाकीचे मोबाईल थोडा वेळ थांबवा आणि वेग तपासा. दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, 'मायस्पीड' हे ॲप त्यासाठी आहे. वेगवेगळ्या वेळी तीन-चारदा तपासून आकडे वहीत लिहा. ४० च्या लाईनवर रोज १० एमबीपीएसच येत असतील, तर तक्रार जरूर करा. तेव्हा तुमच्या हातात आकडे असतील आणि कोणी 'तुम्हाला कळत नाही' असे म्हणू शकणार नाही.

पाटीवरचा हिशेब पाहून ते गृहस्थ थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सर, त्या पोराला मी चोर म्हटलं हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला घरी बोलावून चहा पाजला आणि ज्या गल्लीत सुनावले होते, त्याच गल्लीत चार लोकांसमोर माफी मागितली. ८ चा पाढा आपण दुसरीत शिकतो. तो वेळेवर आठवला असता, तर त्या पोराचा अपमान टळला असता.