भिंतीवरील भेगा : बुजविण्यापूर्वी ओळखा

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की, गावोगावी घरांच्या डागडुजीस आरंभ होतो. बालाघाटच्या डोंगररांगांत वसलेला मुखेड तालुकाही यास अपवाद नाही. गिलाव्याच्या भेगांत सिमेंट भरले व वरून रंगाचा हात दिला की घर नवे झाले, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु पुढील पावसाळ्यात त्याच ठिकाणी तीच भेग पुन्हा दिसू लागते आणि केलेला खर्च वाया जातो. भेग बुजली, तरी तिचे कारण तसेच राहिलेले असते.

भेगांचे प्रकार

गिलाव्यावर जाळीसारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा वरच्या थरापुरत्याच असतात. गिलावा लवकर वाळला, त्यास पुरेसे पाणी मारले नाही, की त्या पडतात. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघणाऱ्या भेगा मात्र पाया खचल्याचे सुचवितात. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील उथळ पाया तिच्याबरोबर हलतो. माळवदाखालील आडवी भेग छताचा भार किंवा मुरणारे पाणी दर्शविते.

भेग वाढते आहे किंवा नाही, हे पाहण्याचा उपाय सोपा आहे. भेगेच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि भेगेवर आडवी काचपट्टी गिलाव्याने पक्की बसवावी. पट्टी तडकल्यास भिंत अद्याप हलत आहे, असे समजावे.

किल्लारीचा धडा

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे शेजारच्या लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो लोक मृत्युमुखी पडले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीची जड धाबी कोसळल्याने ही हानी झाली. अशा भिंतीस आतील व बाहेरील असे दोन पदर असतात व मध्ये दगडगोटे आणि माती भरलेली असते. दोन्ही पदरांस सांधणारे लांब आडवे दगड नसल्यास, हादरा बसताच ते परस्परांपासून सुटतात. म्हणूनच भिंत पोटातून फुगली असेल, ओळंब्यात नसेल किंवा भेग आरपार गेली असेल, तर ती गिलाव्याने झाकू नये. प्रथम अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी.

दुरुस्तीची रीत

भिंत स्थिर असल्यास आधी पाण्याचा बंदोबस्त करावा. माळवद व पन्हाळी नीट कराव्यात. जोत्यापाशी पाणी साचू देऊ नये. नंतर गिलाव्यावर हलकेच ठोकून पाहावे. पोकळ आवाज येईल तेथील गिलावा काढून टाकावा. भेग खाचेसारखी रुंद करावी, धूळ झाडावी व भाग पाण्याने भिजवावा.

जुन्या चुन्याच्या भिंतीवर निव्वळ सिमेंटचा कडक थर देणे हितावह नाही. तो भिंतीतील ओल बाहेर पडू देत नाही, भिंतीबरोबर हलत नाही आणि शेवटी पोपडा होऊन सुटतो. अशा ठिकाणी विरलेला चुना एक भाग व चाळलेली वाळू तीन भाग, हे मिश्रण योग्य होय. अधिक बळकटी हवी असल्यास सिमेंट एक, चुना एक व वाळू सहा भाग घ्यावेत. मातीच्या भिंतीस मातीचाच गिलावा मानवतो. थर पातळ द्यावेत. चुना-सिमेंटचा गिलावा किमान सात दिवस ओलसर ठेवावा. कळीचा चुना विरताना उसळतो. त्या वेळी डोळे सांभाळावेत व मुलांना दूर ठेवावे.

रंगकाम

ओल्या गिलाव्यावर रंग टिकत नाही, म्हणून तो पूर्ण वाळू द्यावा. लोणा लागला असल्यास तो कोरड्या कुंच्याने झाडावा. पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत मुरतात. चुन्याच्या भिंतीस चुन्याचीच सफेदी उत्तम. ती पातळ करून दोन-तीन हात द्यावेत. तैलरंगाने भिंतीतील ओल कोंडली जाते.

शाळा, चावडी व समाजमंदिरे यांच्या जुन्या भिंतींनाही हेच नियम लागू आहेत. रंगाचा खर्च मंजूर करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एकदा भिंतीभोवती फिरून भेगांची नोंद करावी. या कामास पैसा लागत नाही. मात्र त्या भिंतीच्या आत बसणाऱ्या मुलांची सुरक्षितता त्यावर अवलंबून आहे.