मोजलीच न गेलेली मतं

शिकागोला लागून असलेल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २५ एप्रिल २०१४ रोजी एक विलक्षण मतदान झालं. मतदार होते विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातले शिष्यवृत्तीधारक खेळाडू, आणि प्रश्न होता, आपली युनियन हवी की नको? मतं पडली, सील झाली आणि कधीच मोजली गेली नाहीत.

कॉलेजात शिकणारा पोरगा कामगार कसा? ना पगार, ना मस्टरवर नाव. कामगार कायदा मात्र वेगळंच विचारतो: तुमच्या वेळेवर हुकूम कोणाचा चालतो, आणि त्या बदल्यात तुमच्या पदरात काही पडतं का? क्वार्टरबॅक केन कोल्टर या लढ्याचा चेहरा होता. मतदानाआधी अमेरिकेच्या श्रमसंबंध मंडळापुढच्या सुनावणीत जे बाहेर आलं ते थक्क करणारं होतं. ऑगस्टच्या सराव शिबिरात आठवड्याला ५० ते ६० तास, हंगामात ४० ते ५० तास नुसतं फुटबॉल. बाहेर नोकरी धरायची तर आधी प्रशिक्षकाची परवानगी. कोल्टरला डॉक्टर व्हायचं होतं. रसायनशास्त्राचा तास नेमका सरावाच्या वेळेत यायचा, म्हणून तो तेव्हा घेता आला नाही. मोबदला म्हणून वर्षाला सुमारे ६१ हजार डॉलरची शिष्यवृत्ती, तीही संघ सोडला की बंद. २००३ ते २०१२ या काळात फुटबॉलमधून विद्यापीठाने मिळवले जवळपास २३.५ कोटी डॉलर. श्रमसंबंध मंडळाचे विभागीय संचालक पीटर ओर यांनी निकाल दिला, हे कामगारच आहेत.

मला सर्वांत भिडतं ते या मुलांचं मागणं. पगार हा त्यांचा पहिला मुद्दा नव्हताच. खेळताना झालेल्या दुखापतीचा खर्च शिक्षण संपल्यावरही कोणीतरी उचलावा, डोक्याला बसणाऱ्या माराचा धोका कमी व्हावा, हे त्यांना हवं होतं.

ऑगस्ट २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या मुख्य मंडळाने एकमताने या प्रकरणातून अंग काढून घेतलं. ही मुलं कामगार नाहीत, असं मंडळ म्हणालं नाही. अडचण निराळीच होती. मंडळाचा अधिकार खासगी मालकांपुरता, आणि सर्वोच्च पातळीवर फुटबॉल खेळणाऱ्या सुमारे १२५ विद्यापीठांपैकी खासगी अवघी १७. एका संघाला युनियन आणि त्याच लीगमधल्या बाकीच्यांना नाही, अशाने स्पर्धेची घडी विस्कटेल, असा मंडळाचा हिशेब. मला तो पटत नाही. पडलेली मतं मोजायलाच हवी होती. मागणी मात्र वाया गेली नाही: १ ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या डिव्हिजनच्या कॉलेजांना खेळाडूच्या दुखापतीचा खर्च त्याने कॉलेज सोडल्यावरही किमान दोन वर्षं उचलावा लागतो.

मग आलं डार्टमथ कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्तीच नसते! तरी बास्केटबॉलपटूंना मिळणारे बूट, कपडे, तिकिटं, प्रवासातलं राहणं-जेवण हाच मोबदला, असं फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळाच्या विभागीय संचालकांनी ठरवलं. मार्चमध्ये मुलांनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन निवडली. पण सरकार बदलणार होतं. नवं मंडळ विरोधात निकाल देईल आणि तो सगळ्यांनाच बाधेल, या धास्तीने ३१ डिसेंबर २०२४ रोजी युनियनचा अर्ज मागे घेतला गेला.

खेळाडू खरोखरच कामगार ठरले तर गुंते बरेच आहेत. ज्यांच्या घरचं कोणी एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकतंय त्यांना आठवड्याला २० तासांचा नियम पाठ असतो. सत्र चालू असताना कॅम्पसवर त्याहून जास्त काम करता येत नाही. मग परदेशी खेळाडूने सराव किती तास करायचा? आणि पोहणं, जिम्नॅस्टिक्स यांसारख्या फारसं न कमावणाऱ्या खेळांसाठी पैसा कुठून आणायचा?

जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठ २.०५ कोटी डॉलरपर्यंत. व्यावसायिक फुटबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून ठरते. इथे ती ठरली कोर्टातल्या तडजोडीतून, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या नव्या खेळाडूंच्या वतीने बोलणारं अजून कोणीच नाही.