मनाचे कुंपण

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. दुरून पाहणाऱ्यास ती माणदेशातील एखादी साधी वाडीच वाटावी. परंतु तेथे राहतात ते न्यायालयाने शिक्षा दिलेले बंदी होत. त्यांच्याभोवती तुरुंगाचा उंच तट नाही. ते आपल्या बायकामुलांसह राहतात आणि शेती करतात. मनात आणले तर पळून जाणे फारसे अवघड नाही. मग तेथे माणसाला कोण अडवून धरते?

हाच प्रश्न सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरीच्या तुरुंगात उभा राहिला होता. तेथील बंदी होता सत्तर वर्षांचा तत्त्ववेत्ता सॉक्रेटिस.

सॉक्रेटिसचा बाप मूर्तिकार व आई सुईण होती. तो बहुधा अनवाणी हिंडे. बाजारात जो भेटेल त्याला तो विचारी, "शौर्य म्हणजे काय? न्याय म्हणजे काय?" उत्तर मिळाले की त्यावर दुसरा प्रश्न, मग तिसरा. अखेर आपले ज्ञान किती अपुरे आहे, हे उत्तर देणाऱ्याच्या ध्यानी येई. आपण आईचाच व्यवसाय करतो, इतरांच्या मनातील विचारांना जन्म घेण्यास साहाय्य करतो, असे तो म्हणे. त्याने एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याचे विचार आज कळतात ते मुख्यतः त्याचा शिष्य प्लेटो याच्या लेखनावरून.

अशा प्रश्नांनी पुष्कळ लोक दुखावले. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याच्यावर खटला भरण्यात आला. तो नगरीच्या देवतांना मानीत नाही व तरुणांना बिघडवतो, असा आरोप होता. नागरिकांच्या न्यायसभेने त्याला देहान्ताची शिक्षा दिली. मात्र पवित्र यात्रेस गेलेले एक जहाज परत येईपर्यंत कोणासही मृत्युदंड द्यावयाचा नाही, असा नियम होता. त्यामुळे सॉक्रेटिसला काही दिवस तुरुंगात काढावे लागले.

एके दिवशी पहाटे त्याचा मित्र क्रिटो तेथे आला. पळून जाण्याची सर्व व्यवस्था झाली होती. सॉक्रेटिसने ती नाकारली. ज्या नगरीच्या कायद्यांच्या आश्रयाने आपण वाढलो, ते आपल्यावर उलटताच मोडावेत, हे त्याला पटेना. आपल्यावर अन्याय झाला तरी आपण अन्याय करू नये, असे त्याचे मत होते. शेवटी त्याने विषाचा पेला शांतपणे प्राशन केला.

सॉक्रेटिस भित्रा आज्ञाधारक होता काय? मुळीच नाही. पूर्वी अथेन्समध्ये तीस जुलमी सत्ताधीशांचा अंमल असताना, एका निरपराध माणसाला पकडून आणण्याचा हुकूम त्याला झाला होता. तो सरळ आपल्या घरी निघून गेला. जिवाची भीती त्याला तेव्हाही वळवू शकली नाही व पुढे तुरुंगातही नाही. दोन्ही वेळी त्याने विवेकाचेच ऐकले.

आता पुन्हा आटपाडीकडे वळू. हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. १९३९ साली औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकीर्दीत स्वतंत्रपूर वसले. या कार्यात पोलंडमध्ये जन्मलेले मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद यांचा मोठा वाटा होता. गुन्हेगारावर विश्वास टाकला तर त्याच्यातील माणूस जागा होतो, ही त्यामागील श्रद्धा. याच तालुक्यातील कवी ग. दि. माडगूळकर यांनी त्या प्रयोगावरून कथा लिहिली व तीवर १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला.

सॉक्रेटिस निरपराध होता; स्वतंत्रपूरचे बंदी गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगणारे. हा भेद लहान नाही. तरीही वाट मोकळी असताना जो माणूस दिलेला शब्द पाळून थांबतो, त्याला कोण अडवते, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही ठिकाणी एकच आहे. शिक्षक वर्गाबाहेर गेले असता आपण कसे वागतो, हे ज्याचे त्याने पाहिले, तर ते उत्तर प्रत्येकास आपल्यापाशीच सापडेल.